मळसूत्राची चाल आणि ‘आयरिस’चे दोन पंखे

आगबोटींचा इतिहास लिहिणारी मंडळी एका रस्सीखेचीवर फार भाळलेली दिसतात. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ आणि ‘अलेक्टो’ ही दोन जहाजे पिछाडीला पिछाडी लावून दोरखंडाने एकमेकांस बांधली. ‘अलेक्टो’ दोन्ही बाजूंच्या वल्हेदार चाकांवर चालणारी, तर ‘रॅटलर’ पाण्याखालच्या मळसूत्री पंख्यावर. दोघींनी विरुद्ध दिशांना जोर लावला आणि ‘अलेक्टो’ची चाके पुढे जाण्यासाठी फिरत असतानाच ‘रॅटलर’ने तिला अडीच नॉटांच्या आसपास वेगाने उलटे ओढत नेले. या प्रसंगाची चित्रे निघाली, पुस्तकांतून तो पुनःपुन्हा सांगितला गेला आणि त्या दिवशी चाक हरले व मळसूत्र जिंकले, असा समज रूढ झाला.

आम्हांस हा प्रसंग इतका थोर वाटत नाही. ‘रॅटलर’चे इंजिन त्या दिवशी ‘अलेक्टो’च्या इंजिनाहून प्रत्यक्षात बरीच अधिक शक्ती देत होते, शिवाय मळसूत्री जहाजे बांधण्याचे आरमाराने तत्पूर्वीच ठरविले होते. खरे काम झाले ते त्याआधीच्या महिन्यांत. १८४३ साली पाण्यात उतरलेल्या ‘रॅटलर’च्या पिछाडीला तीसहून अधिक निरनिराळे पंखे एकामागून एक लावून पाहण्यात आले. पात्यांची संख्या, त्यांची लांबी, त्यांचा पीळ, एकेक बाब बदलायची, जहाज मोजलेल्या अंतरावर पळवायचे, आकडे लिहून घ्यायचे आणि पुन्हा गोदीत आणायचे. या कंटाळवाण्या उद्योगाचे चित्र कोणी काढले नाही. परंतु आज एखादा नावाडी आपल्या दोन इंजिनांच्या बोटीला कोणत्या ‘पिच’चे पंखे लावावे, या विवंचनेत पडतो, तेव्हा तो याच उद्योगाचा वारसदार असतो. एकमेकांच्या विरुद्ध फिरणाऱ्या दोन पंख्यांची ही निवड कशी घडत गेली, हे सांगण्याचा आमचा येथे विचार आहे.

आधी ‘पिच’ म्हणजे काय ते पाहू. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना समुद्र दूर असला, तरी मळसूत्र परके नाही. दिवाळीत चकल्या पाडण्याचा पितळी, पेचाचा सोऱ्या ज्या घरात आहे, त्या घरात हा विषय अर्धाअधिक शिकून झालेला आहे. सोऱ्याची मूठ एक पूर्ण फेरा फिरविली की आतली चकती एका आट्याइतकी खाली उतरते. एका फेऱ्यात होणारी ही जी प्रगती, तीच त्या मळसूत्राची चाल, म्हणजेच पिच. आटे दाट असतील तर मूठ हलकी फिरते, पण फेरे पुष्कळ घ्यावे लागतात. आटे विरळ असतील तर दोन-चार फेऱ्यांत पीठ संपते, मात्र मनगट भरून येते. पीठ घट्ट भिजले असेल, तर विरळ आट्यांचा सोऱ्या मुळी फिरतच नाही. जहाजाच्या पंख्याचे पाते हा अशाच एका आट्याचा कापून घेतलेला तुकडा होय. वीस इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात वीस इंच पुढे सरकेल. अर्थात पाणी जर पितळेसारखे घट्ट असते तर.

पाणी तसे नाही, ते मागे सरते. म्हणून हिशेबाने जेवढे जावयास हवे त्याहून बोट कमी जाते. या तफावतीला इंग्रजीत ‘स्लिप’ म्हणतात. आपण तिला घसर म्हणू. दोन डिझेल इंजिनांची एक बोट घ्या. इंजिन मिनिटास २,४०० फेरे फिरते, गिअर ते निम्मे करतो, म्हणजे पंख्याला १,२०० फेरे मिळतात. पिच वीस इंच असेल तर मिनिटास २,००० फूट, तासास १,२०,००० फूट. सागरी मैल ६,०८० फुटांचा धरला तर कागदावर वेग पावणेवीस नॉट निघतो. घसर वीस टक्के धरली तर प्रत्यक्षात पावणेसोळाच्या आसपास वेग मिळेल. हा गुणाकार शाळकरी पोरही करील. पण तो जेथे संपतो तेथेच खरी अडचण सुरू होते. पिच वाढविले तर इंजिनाला तेवढे फेरे घेता येतील काय? कमी केले तर इंजिन मोकाट सुटून मोडणार तर नाही? आणि घसर किती होईल, हे आधीच कोणी सांगावे?

या प्रश्नांची पहिली उत्तरे अपघाताने मिळाली. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडन गावचा शेतकरी. लहानपणापासून नावांच्या प्रतिकृती करण्याचा त्याला छंद होता. ३१ मे १८३६ रोजी त्याने मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पंखा आजच्यासारखा पात्यांचा नव्हता. बाटलीच्या बुचात शिरणाऱ्या पेचासारखे दोन पूर्ण वेढ्यांचे ते लाकडी मळसूत्र होते. पॅडिंग्टनच्या कालव्यात त्याची सहा टनी बोट याच मळसूत्रावर चाले. फेब्रुवारी १८३७ मध्ये पाण्यातील कशाला तरी आपटून त्या मळसूत्राचा निम्मा भाग तुटून पडला. बोट थांबावयास हवी होती. ती अधिक वेगाने चालू लागली! जास्त वेढे म्हणजे जास्त पकड ही तोवरची साहजिक समजूत त्या एका धक्क्याने मोडली. लांब मळसूत्राच्या मागल्या वेढ्याला पुढल्याने आधीच ढवळलेले पाणी मिळते. तो रेटा थोडा देतो आणि घर्षण मात्र पुरेपूर खातो.

स्मिथच्या पाठोपाठ सहा आठवड्यांनी, १३ जुलै १८३६ रोजी, जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने लंडनमध्येच वेगळे पेटंट नोंदविले. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा गृहस्थ अधिक महत्त्वाचा, कारण त्याच्या रचनेत दोन पंखे होते आणि ते एकाच अक्षावर, एकामागे एक, परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. पुढचा पंखा पाण्याला मागे ढकलतो, पण त्याबरोबर त्याला गिरकीही देतो. ही गिरकी म्हणजे फुकट गेलेली शक्ती. मागचा पंखा उलटा फिरला तर ती गिरकी मोडून तिचे रेट्यात रूपांतर करता येते. कल्पना अस्सल होती. १८३७ च्या उन्हाळ्यात एरिक्सनच्या ‘फ्रान्सिस बी. ऑग्डेन’ या ४५ फुटी बोटीने आरमाराच्या वरिष्ठांची नाव थेम्समधून ताशी सुमारे दहा मैलांच्या वेगाने ओढून नेली. नावेत आरमाराचे सर्वेक्षक सर विल्यम सायमंड्स स्वतः होते. एवढे पाहूनही त्यांचा अभिप्राय असा पडला की, शक्ती पिछाडीला लावल्यावर जहाज सुकाणूला जुमानणार नाही. ज्या बोटीने त्यांना सरळ नेऊन सरळ परत आणले, तिच्याविषयी हा अभिप्राय! एरिक्सन १८३९ मध्ये अमेरिकेस निघून गेला. तेथे १८४३ साली पाण्यात उतरलेल्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेला त्याने एकच पंखा लावला. एकात एक बसणारे दोन दांडे, त्यांचे सांधे आणि गळती सांभाळण्यापेक्षा एका पंख्याचा थोडा तोटा पत्करणे त्या काळच्या कारागिरीला परवडणारे होते.

आपल्याकडे या सुमारास काय चालले होते? मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० साली सुएझला गेली, ती बाजूच्या चाकांवर. तिच्या पोटात कोळसाच एवढा भरावा लागला की, प्रवासी आणि माल यांना जागा अपुरी पडली. कोळसा वाचविण्याचा प्रश्न लंडनच्या अभियंत्यांना जितका महत्त्वाचा, त्याहून हिंदी महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना तो अधिक निकडीचा होता. चाकांची आणखी एक खोड होती. जहाज कोळशाने जड असताना चाके फार बुडत आणि कोळसा जळून जहाज हलके झाले की ती अर्धवट वर येत. पाण्याखालचा पंखा या दोन्ही अवस्थांत पाण्यातच राही.

इंग्लंडमध्ये इझंबार्ड ब्रुनेलने १८४० साली स्मिथच्या कंपनीचे ‘आर्किमिडीज’ हे जहाज प्रयोगासाठी मागून घेतले आणि त्यावरील निष्कर्षांच्या बळावर आपल्या अर्धवट बांधून झालेल्या ‘ग्रेट ब्रिटन’ची चाके रद्द करून तिला साडेपंधरा फूट व्यासाचा, सहा पात्यांचा पंखा बसविला. ‘रॅटलर’वरील प्रयोगांमागेही प्रारंभी त्याचाच हात होता. बेनेट वुडक्रॉफ्टचा पंखा त्या प्रयोगांत होता. त्याच्या पात्याचे पिच पुढच्या कडेला कमी आणि मागच्या कडेकडे वाढत जाणारे होते. पाणी पात्यावरून सरकताना वेग घेत जाते, तेव्हा आट्यानेही त्याच्याबरोबर वाढावे हा त्यामागचा विचार. १८४९ मध्ये रॉबर्ट ग्रिफिथ्सने मोठ्या गोल तुंब्याचा पंखा आणला. बैलगाडीच्या चाकाला जसा मधला तुंबा, तसाच हा. पाती त्यात स्वतंत्र बसविलेली. जहाज गोदीत असताना ती सैल करून थोडी फिरवावी आणि पिच बदलून पुन्हा आवळावी, अशी सोय त्यात होती. पिच आधी अचूक ठरविता येत नाही याची कबुलीच या सोयीत दडलेली आहे.

दोन पंख्यांची पद्धत एरिक्सनच्या मार्गाने न येता निराळ्या वाटेने आली. पिछाडीच्या डाव्या-उजव्या अंगास दोन स्वतंत्र दांडे, प्रत्येकाला आपले इंजिन, अशी रचना १८६० नंतर रूढ होऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी चुकवून निसटणाऱ्या लहान, चपळ बोटींना ती विशेष मानवली. उथळ पाण्यात एकच मोठा पंखा मावत नाही, दोन लहान मावतात. एक इंजिन बंद पडले तरी दुसरे घरी आणते. एक पुढे व एक मागे चालवून जहाज जवळजवळ जागच्या जागी वळविता येते.

परंतु हे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरविले तर एक उपद्रव होतो. पंख्याचे खालचे पाते शांत, अधिक खोल पाण्यात चालते आणि वरचे ढवळलेल्या पाण्यात. त्यामुळे पंखा थोडासा चाकासारखा वागतो आणि पिछाडीला एका कुशीकडे रेटतो. मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा, म्हणजे उजव्या हाताचा पंखा पुढे जाताना पिछाडीला उजवीकडे सरकवतो. एकपंखी होडी चालविणाऱ्या कोणाही तांडेलास हे ठाऊक असते. धक्क्याला लागताना तो त्याचा फायदाही घेतो. दोन पंखे असले आणि एक उजव्या, एक डाव्या हाताचा ठेवला, तर हे दोन रेटे एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून जोडीतील दोन पंखे आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात: व्यास तोच, पिच तेच, पीळ मात्र उलटा. ओतारीला दोन साचे करावे लागतात आणि जहाजाला सुटे पंखे दोन प्रकारचे बाळगावे लागतात.

आता ‘आयरिस’कडे वळू. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका जहाजात सापडते. ब्रिटिश आरमाराचे हे पहिले पोलादी लढाऊ जहाज. वेल्समधील पेंब्रोक गोदीत १८७७ मध्ये ते पाण्यात उतरले. तीनशे फूट लांब आणि सुमारे ३,७०० टन वजनाचे ते टेहळणी व निरोप पोहोचविणारे जहाज होते. त्याचे सारे मोल वेगात. शत्रूला गाठावयाचे तेही वेगाने आणि शत्रूपासून निसटावयाचे तेही वेगानेच. पिछाडीला दोन पंखे, प्रत्येक चार पात्यांचा, व्यास साडेअठरा फूट आणि पिच अठरा फुटांहून थोडे अधिक. पूर्ण शक्तीच्या चाचणीत इंजिनांनी ७,५०० अश्वशक्ती दिली. आरमाराची इंजिनांविषयी काही तक्रार नव्हती. वेग मात्र १६.६ नॉटांवर अडकला. अपेक्षा साडेसतरा नॉटांची होती.

जहाजाचे अंग बदलणे शक्य नव्हते आणि इंजिने निर्दोष होती. संशय पंख्यांवर आला. तेव्हा अभियंत्यांनी एक धीट प्रयोग केला. दोन्ही पंख्यांची समोरासमोरची दोन-दोन पाती काढून टाकली आणि निम्म्या पात्यांवर जहाज चालविले. पूर्ण शक्ती न लावता, सुमारे ४,४०० अश्वशक्तीवरच ते १५.७ नॉट चालले. पूर्वीच्या चार पात्यांनिशी एवढ्या वेगास ढोबळ हिशेबाने सहा हजारांहून अधिक अश्वशक्ती लागली असती. जी पाती जहाज पुढे नेतात असा समज होता, ती पाण्याशी नुसती घासत बसली होती. पॅडिंग्टनच्या कालव्यात स्मिथला मोडक्या मळसूत्राने जे सांगितले, तेच चाळीस वर्षांनी पोलादी जहाजाने आरमाराला सांगितले.

मग नवे पंखे ओतण्यात आले. पाती चारच, पण व्यास सव्वासोळा फुटांच्या आसपास आणला आणि पिच जवळजवळ वीस फुटांवर नेले. म्हणजे पंखा लहान आणि आटा विरळ. इंजिनांनी ७,७०० अश्वशक्ती दिली, पूर्वीहून किंचित अधिक, आणि ‘आयरिस’ १८.६ नॉट धावली. वाचकांनी या दोन नॉटांचे मोल ध्यानात घ्यावे. जहाजाचा वेग वाढवावयाचा तर शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. १६.६ वरून १८.६ वर जाण्यास जुन्या पंख्यांनिशी चाळीस टक्के अधिक शक्ती, म्हणजे दहा हजारांहून जास्त अश्वशक्ती आणावी लागली असती. तेवढे मोठे बॉयलर आणि तेवढा अधिक कोळसा. हे सारे दोन पंखे बदलून मिळाले. तिचीच बहीण ‘मर्क्युरी’ पुढे जवळजवळ १९ नॉटांपर्यंत गेली.

परंतु आम्हांला याहून रंजक वाटतो तो ‘आयरिस’चा चौथा प्रयोग. त्यात दोनच पात्यांचे, अठरा फुटांहून थोड्या अधिक व्यासाचे आणि सव्वाएकवीस फूट पिचचे पंखे लावले. आकाराने हे पंखे तिसऱ्या प्रयोगातील पंख्यांहून सर्वस्वी भिन्न. वेग मात्र तोच, १८.६ नॉट! एका जहाजाला एकच योग्य पिच असते, ही समजूत येथे कोसळते. व्यास, पात्यांचे क्षेत्रफळ आणि पिच ही तिन्ही एका दोरीने बांधलेली आहेत. एक ओढले की बाकीची दोन हलतात. दोन पात्यांच्या पंख्याने पिछाडीला हादरे अधिक बसतात, म्हणून चार पाती बरी, असा निवाडा कोणी करू शकेल. तो निवाडा वेगाच्या आकड्यात लिहिलेला नसतो.

याच काळात हा सारा गुंता कागदावर मांडण्याचे काम विल्यम फ्रूड करीत होता. डेव्हनमधील टॉर्की येथे आपल्या घराजवळ त्याने आरमाराच्या खर्चाने एक लांब झाकलेला तलाव बांधून १८७२ पासून त्यात जहाजांच्या मेणाच्या प्रतिकृती ओढून पाहण्यास आरंभ केला होता. जहाजाच्या अंगाला होणारा विरोध पंख्याच्या दोषापासून वेगळा काढता येऊ लागला तो यामुळे. १८७८ साली त्याने पिच, घसर आणि पंख्याची कार्यक्षमता यांच्या परस्परसंबंधावर एक निबंध वाचला. त्याचा गाभा सामान्य समजुतीला धक्का देणारा होता. घसर म्हणजे तोटा, तेव्हा ती जितकी कमी तितके उत्तम, असे बहुतेक अभियंते मानीत. फ्रूडने दाखविले की, घसर फार कमी करावयाची तर पाती फार मोठी करावी लागतात आणि मग घर्षणच शक्ती गिळते. थोडी घसर पत्करणारा पंखा सर्वोत्तम. आपल्या सोऱ्याच्या दृष्टान्ताची मर्यादा येथे उघड होते, कारण सोऱ्यात घसर नसतेच.

फ्रूड प्रभृतींमुळे आणखी एक कोडे सुटले. काही जहाजांच्या चाचण्यांत घसर उणे निघे, म्हणजे पंख्याच्या आट्याने जेवढे जावे त्याहून जहाज अधिक गेलेले दिसे! हा चमत्कार नव्हता. चालते जहाज आपल्या मागे थोडे पाणी ओढून नेत असते आणि पंखा त्या पुढे सरकणाऱ्या पाण्यात फिरतो. किनाऱ्यावरून मोजलेली घसर म्हणूनच फसवी. पिछाडीच्या दोन अंगांना बसविलेल्या पंख्यांना हे ओढलेले पाणी मधल्या पंख्याइतके मिळत नाही. तेव्हा एकपंखी जहाजाचे पिच जोडपंख्यांना जसेच्या तसे लावून चालत नाही. फ्रूड ४ मे १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत सायमन्सटाउन येथे वारला.

यानंतरचा अध्याय थोडक्यात उरकतो. थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्यातील ‘डेअरिंग’ या जोडपंखी विनाशिकेने १८९४ च्या चाचण्यांत २४ नॉटांवर नेट धरला आणि पुढे जाईना. पंखे इतक्या जोराने पाणी मागे टाकीत की पात्यांच्या पाठीशी पाणी भरून येण्यास वेळच मिळेना. तेथे वाफेच्या पोकळ्या होऊ लागल्या. पात्यांचे क्षेत्रफळ सुमारे ४५ टक्क्यांनी वाढविल्यावर ती २८ नॉटांच्या पलीकडे गेली. ‘आयरिस’ला पाती घटवून वेग मिळाला, ‘डेअरिंग’ला वाढवून! चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’चीही हीच व्यथा होती. तिला अखेर तीन दांड्यांवर नऊ पंखे लावावे लागले आणि जून १८९७ मध्ये राणीच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात तिने सर्वांदेखत पळ काढून दाखविला.

जोडपंख्यांनी कोणत्या बाजूस फिरावे, हा वादही शतकाच्या अखेरीस एकदा पेटला. वरची पाती बाहेरच्या अंगास जातील अशी फिरत ठेवली, तर एक इंजिन पुढे आणि एक मागे चालविताना पंख्यांचे आडवे रेटे वळण्यास मदत करतात. आतल्या अंगास फिरविले, तर तेच रेटे वळणाला विरोध करतात. ‘कॅनोपस’ वर्गाच्या युद्धनौकांना ब्रिटिश आरमाराने आत फिरणारे पंखे लावले, कारण त्याने कोळसा थोडा वाचे आणि वेग किंचित वाढे. परिणामी बंदरात, मंद गतीने, या अवाढव्य नौका हाताळणे अवघड होऊन बसले आणि पुढे आरमार पुन्हा बाहेरच्या फिरतीकडे वळले. कोळशाच्या वहीत जमा झालेला नफा धक्क्याला लागताना खर्ची पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

एरिक्सनची एका अक्षावरील उलटसुलट जोडी दरम्यान पूर्ण विस्मृतीत गेली नव्हती. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, एकाच पंख्यावर सोडला तर तो स्वतःच पंख्याच्या उलट गिरकी घेऊ लागतो. म्हणून १८७० च्या दशकातच त्याला उलट फिरणारे दोन पंखे मिळाले. लहान नौकांत ही जोडी १९८२ साली व्हॉल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने बाजारात आणली, एरिक्सनच्या पेटंटानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी आणि योगायोगाने त्याच्याच देशातून. या रचनेत मागच्या पंख्याला पुढच्याने वेग दिलेले, आक्रसलेल्या झोताचे पाणी मिळते. म्हणून त्याचा व्यास लहान ठेवतात आणि दोघांची मापे परस्परांना जुळवून संच म्हणूनच विकतात. गिऱ्हाइकाने एकाचे पिच बदलून दुसरा तसाच ठेवावयाचा नसतो.

दोन वेगळ्या इंजिनांच्या बोटीत मात्र निवड आजही मालकाच्या हाती आहे. गोव्या-कोकणच्या किनाऱ्यावर प्रोपेलरला सरळ ‘पंखा’ म्हणतात. त्याच्या तुंब्यावर व्यास आणि पिच हे दोन आकडे इंचांत कोरलेले असतात. निवडीची रीत ‘रॅटलर’च्या काळाहून फारशी निराळी नाही. बोट रोजच्या भाराने भरावी: डिझेल, बर्फ, जाळी, माणसे. रिकाम्या बोटीवर ठरविलेले पिच मासळीने भरलेल्या बोटीला जड जाते. मग दोन्ही इंजिने पूर्ण सोडून फेरे पाहावेत. कारखान्याने सांगितलेल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत ती पोहोचली नाहीत आणि धुराड्यातून काळा धूर निघू लागला, तर पिच जास्त आहे. फेरे त्या मर्यादेपलीकडे धावले तर कमी आहे. बाहेरून लावावयाच्या पेट्रोल इंजिनांत एक इंच पिच बदलल्याने दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, असा ठोकताळा आहे. दोन इंजिनांच्या फेऱ्यांत फरक दिसला तर पिच बदलण्यापूर्वी पात्याची कड वाकली आहे काय, ते पाहावे.

यात एक पेच मात्र कोणत्याही मोजमापाने सुटत नाही. जोडीचे पिच दोन्ही इंजिने चालू असतानाच्या वेगासाठी ठरविलेले असते. भर समुद्रात एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एकट्या पंख्यावर सारी बोट येते, वेग निम्म्याच्या आसपास उतरतो आणि तेच पिच आता फार जड होते. सोऱ्यातले पीठ एकाएकी घट्ट झाल्यासारखे इंजिन गुदमरते. पूर्ण सोडले तर तापून तेही बसण्याचा संभव. म्हणून किनाऱ्यापासून दूर जाणारे काही मालक पिच हिशेबाहून इंचभर कमी ठेवतात, रोज थोडे डिझेल अधिक जाळतात आणि बोटीत एक उजव्या व एक डाव्या हाताचा असे दोन सुटे पंखे बाळगतात. डाव्या हाताचा पंखा दुकानात सहसा तयार मिळत नाही. तो आधी सांगून मागवावा लागतो.